साखर किती

ते गेल्याची बातमी आमच्या नेदरलँड्समधल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तेव्हा हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. ती रांग संपते न संपते तोच बुइटनव्हेल्डर्टला राहणाऱ्या एका तरुण गृहस्थांनी लिहिलं, "काका म्हटलं की तो साखरेचा किस्सा. लेजंड होते." खाली तो किस्सा पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्याखाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे पिवळे चेहरे. हे गृहस्थ या देशात आले त्याच्या कितीतरी आधी तो किस्सा घडला. म्हणजे मी तो घडवला.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या मंडळातला एक माणूस झूटरमेरच्या पोहण्याच्या तलावावर वेळा विचारायला जातो. चुकीचं दार उघडतो. समोर आमचे टॉवेलकाका. अंगावर फक्त टाय. हातात कॉफीचा ट्रे. भोवती सत्तरीच्या डच आज्या, त्यांच्या अंगावर टायसुद्धा नाही. आणि काका कमरेत वाकून, लग्नघरातल्या अदबीने विचारताहेत, "साखर किती?"

दार उघडणारा माणूस मी. किस्सा सांगणाराही मीच. दिवाळीच्या फराळापासून कोजागिरीच्या दुधापर्यंत तो मी इतक्या वेळा सांगितला की आता तो माझ्याशिवाय हिंडतो. त्यात काका आहेत, कॉफी आहे, साखर आहे, आज्याही आहेत. दार मात्र खोटं आहे. माझं वय झालं. काकांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं नाही, आणि त्यांच्यामागे जर तो टायच उरणार असेल, तर तो त्यांच्या गळ्यात कोणी घातला हे तरी लोकांना कळावं.

टॉवेलकाका हे नाव मंडळाचं. ते कुठेही बसायच्या आधी पंचा अंथरायचे. सोलापुरी, पांढरा, लाल काठाचा. ऑफिसच्या खुर्चीवर, रेल्वेच्या बाकावर, दवाखान्यात, नाटकाला. कोणाकडे नवीन पांढरा सोफा आला आणि काकांनी त्यावर पंचा पसरला की घरच्या बाईला आधी भरून यायचं, किती जपतात म्हणून. मग ते समजावून सांगायचे, "आमच्यात नियम आहे. उघड्या अंगाने जिथे टेकायचं तिथे आपलं कापड आधी. मी तो कपड्यातही पाळतो. तुमच्या सोफ्याला माझा त्रास नको, आणि मला तुमच्या सोफ्याचा." यानंतर त्या घरात चहा येईपर्यंत कोणी कोणाकडे बघायचं नाही.

"आमच्यात" म्हणजे नॅचरिस्ट लोकांत. न्यूडिस्ट म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्यावर ते इतकं लांबण लावायचे की समोरच्याला वाटावं, काहीही म्हणा पण थांबा. डच नॅचरिस्टांचे टॉवेल गोधडीसारखे जाड, आज भिजले की पुढच्या आठवड्यात वाळणारे. काकांचा पंचा झटकला की वाळला. भारतातून येताना इतर लोक लोणची आणतात, हे पंच्यांचे गठ्ठे आणायचे आणि आपल्या संघटनेत वाटायचे. "या देशातल्या निम्म्या नॅचरिस्टांच्या बुडाखाली आज सोलापूर आहे," असं ते अभिमानाने सांगत. सोलापूरला याची कल्पना आहे का, हे मी कधी विचारलं नाही.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाटेल की ते गबाळे असतील. उलट. डेल्फ्टला आम्ही दोघं एकाच पंपांच्या कंपनीत होतो. ते मला बरेच सीनियर. पंपाच्या दांड्याजवळून पाणी गळू नये म्हणून जे सील बसवतात, त्याची चाचणी घेणं हे त्यांचं काम. आमचा डच साहेब जीन्समध्ये यायचा, आणि हे मात्र इस्त्रीचा शर्ट, स्वेटरचं जाकीट, टाय, चकाकते बूट. मंडळाच्या गणपतीत सगळे पुरुष ऑनलाइन मागवलेल्या झब्ब्यांत, पाठीवर घडीच्या रेघा तशाच. काका खळ घातलेल्या धोतरात. शिवाय दुसऱ्याचं बघणार. "कॉलर आत गेलीय तुझी." "नाडी लोंबतेय, आत घाल." "घालायचे तर नीट घालावेत, नाहीतर घालू नयेत. मधलं काय ते मला कळत नाही." मधलं म्हणजे अर्धी विजार आणि छातीवर इंग्रजी वाक्य असलेला टीशर्ट. म्हणजे आमचं जवळजवळ सगळं मंडळ.

हे त्यांनी सुरू केलं कधी आणि का, यावर मंडळात अनेक मतं होती. घटस्फोट जवळ आलाय, डोक्यावर परिणाम झालाय, डच मैत्रीण आहे. त्यांना सरळ विचारलं तर ते दर वेळी वेगळं कारण देत. मला एकदा म्हणाले, "किनाऱ्यावर एकदा कपडे वाळूत भरले. झटकत बसलो. झटकून झाले तेव्हा लक्षात आलं की ते परत घालायचं काही कारण नाहीये. ऊन होतं." इतकंच. मी वाट बघत राहिलो की आता यापुढे काहीतरी खोल येईल. ते म्हणाले, "तुझी चहाची पिशवी बाहेर काढ, कडू होईल."

दिसायला ते देखणे नव्हते. पोट सुटलेलं, छाती आत गेलेली, पाय काड्यांसारखे, आणि पाठीवर असं रान की वहिनी म्हणायच्या, "यांना स्वेटर कशाला, देवाने दिलाय." वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या नॅचरिस्ट नव्हत्या. पण उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर हेगजवळच्या किनाऱ्यावर जायच्या. तिथे एक खांब आहे, त्याच्या पलीकडे कपडे नसलेले लोक. वहिनी खांब ओलांडून जायच्या आणि साडी, त्यावर जाकीट, पायांत मोजे आणि सँडल अशा थाटात घडीच्या खुर्चीवर बसून दिवाळी अंक वाचायच्या. काका येणाऱ्याजाणाऱ्याला ओळख करून द्यायचे, "ही माझी बायको. ती कपड्यात असते." डच लोक समजुतीने मान हलवायचे. जणू वहिनींना काही पथ्य आहे.

"तुम्हाला लाज नाही वाटत हो तिथे?" माझ्या बायकोने त्यांना एकदा विचारलं.

"वाटते ना," वहिनी म्हणाल्या. "सगळा किनारा एकमेकांकडे बघत नाही, आणि माझ्याकडे टक लावून बघतो. मागच्या खेपेला एका म्हाताऱ्याने विचारलं, हे नेसायला किती वेळ लागतो. बिचारा उघडा उभा, थंडीने काकडत. मी म्हटलं, तू आधी काहीतरी गुंडाळ, मग सांगते."

काकांचं तत्त्वज्ञान ऐकणं ही एक शिक्षा होती. गाडीत बसलो की सुरू. "कपडे हे हवेला दिलेलं उत्तर आहे. हवेने विचारलं नसेल तर उत्तर कशाला द्यायचं?" किंवा, "माणूस पहिल्यांदा उघडा झाला की पाच मिनिटं दुसऱ्यांकडे बघतो. मग पाच मिनिटं स्वतःकडे. मग विचारतो, जेवण कधी आहे." ते ग्रुपवर सनक्रीम कुठे कुठे लावायचं राहून जातं यावर मोठमोठे संदेश टाकायचे, तेही संक्रांतीच्या शुभेच्छांच्या मधोमध. लोक कंटाळायचे, पण सहन करायचे. कारण काका वाढायचे.

हे वाढणं समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गणपतीला तेव्हा पंगत असायची. झूटरमेरच्या भाड्याच्या हॉलमध्ये लांब टेबलं, त्यावर कागद, आणि काका धोतराचा काचा मारून मठ्ठ्याचं भांडं घेऊन फिरायचे. आयटीतली मुलं, ज्यांना घरी कोणी अजून एक पोळी घे म्हणून सांगत नव्हतं, ती त्यांच्या पंगतीत बसायला धडपडायची. काकांचा आग्रह मोठा गमतीचा. बोलायचे नाहीत. पेल्याशी उभे राहायचे. पेल्यावर हात ठेवला तर त्या हाताकडे बघत राहायचे, हात निघेपर्यंत. पंगत उठली की ते खुर्चीत बसायचे, पंच्यावर, आणि चेहरा असा, की वर्षाचं काम आज झालं. बाकी वर्षभर ते मंडळाला कंटाळा आणत, आणि त्या एका दुपारी मंडळ त्यांचं असे.

आता माझ्याकडे येतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, माझ्या पोटावर हात ठेवला आणि मला मोठ्या इस्पितळात पाठवलं. आतड्याचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, मी वाचलो, आणि आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला काढून त्यावर कायमची पिशवी लागली. स्टोमा म्हणतात. मंडळाची माणसं फळं घेऊन भेटायला आली. "बाहेरून काही कळत नाही हो," असं प्रत्येकाने सांगितलं, आणि प्रत्येकाची नजर बरोबर तिथेच गेली. मी बायकोलाही ते दाखवलं नाही. न्हाणीघराला आतून कडी, झोपायला वेगळी खोली. तिने दोनतीनदा दार वाजवलं, मग सोडून दिलं. पिशवी पोटावर होती, पण मला वाटायचं मीच तिच्यात आहे.

काका आले ते हात हलवत. पंचा खुर्चीवर घातला, बसले आणि म्हणाले, "दाखव."

"काय?"

"सील कसं बसवलंय ते. आयुष्यभर आपण दुसरं काय केलं?"

मी शर्ट का वर केला ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा सीनियरने मागितलं की पुढे ठेवायचं, या ऑफिसच्या सवयीने. त्यांनी चष्मा पुसला, वाकले, आणि पंपाकडे बघावं तसं बघितलं. "कड एका बाजूला सुटतेय. वाकताना गळते का?"

"गळते," मी म्हटलं. हे मी नर्सलाही सांगितलं नव्हतं.

"उभा राहून नको लावू. आडवं पड, पोट सैल सोड, मग लाव. आणि घाई नको. सील घाईने बसत नाही." मग शर्ट खाली ओढून त्यांनीच बटण लावलं. "मंगळवारी सकाळी मी तुला न्यायला येतो. पोहायला."

"मी आता पोहणार?"

"पाण्याला काय माहीत तुला काय झालंय?"

त्यांच्या संघटनेने मंगळवारी सकाळी नगरपालिकेचा तलाव भाड्याने घेतलेला असे. मला वाटलं होतं, आत काय काय असेल. जे होतं ते सांगतो. नेदरलँड्समधली सगळ्यात कंटाळवाणी जागा. निवृत्त प्राध्यापक, निवृत्त नर्सा, निवृत्त टपालखात्यातले लोक, सगळे कपड्यांशिवाय, आणि चर्चा पेन्शनची. आपल्याकडचा ज्येष्ठ नागरिक संघ आणि यांच्यात फरक एवढाच की आपल्याकडे माकडटोप्या असतात.

कपडे बदलायच्या खोलीतून मी शॉवरखाली गेलो. चड्डीवर. आमच्या पिढीला कोणी सांगितलं नव्हतं की चड्डी काढूनही आंघोळ होते. वसतिगृहात, गावाला, कडी लावलेल्या न्हाणीघरात एकटं असतानाही आम्ही चड्डीवरच आंघोळ केली, मग पंचा गुंडाळून ती खालून काढली. लग्नानंतरही तेच. मी तसाच भिजत उभा, आणि एक उंच बाई आली. गळ्यात किल्ल्यांची दोरी, गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण, बाकी काही नाही.

"मेनेर," म्हणजे महाशय, ती डचमध्ये म्हणाली, "हे पाण्यात चालणार नाही. अस्वच्छ आहे."

मला वाटलं पिशवीबद्दल बोलतेय. पण तिचं बोट चड्डीकडे होतं. पिशवीकडे तिने बघितलं, बस, जसं कोणी घड्याळ घातलंय का ते बघावं. आयुष्यभर ज्या कापडाने मी अब्रू झाकली, ते या बाईला घाण वाटत होतं, आणि जिची मला घाण वाटत होती, ती पिशवी तिला चालत होती. मी चड्डी काढली. काकांनी मागून पंचा पुढे केला. मी तो धरला खरा, पण एकाच पंच्याने पोट झाकावं की खालचं, हे ठरेना. वर धरला की खाली, खाली धरला की वर. काका बघत होते. शेवटी म्हणाले, "दोन आणायला हवे होते का? की खांद्यावर टाकतोस?"

मी खांद्यावर टाकला.

पाण्यातून बाहेर आल्यावर एक म्हातारा जवळ आला. "पिशवी? कर्करोग?"

"हो."

"माझ्या मेहुण्यालाही आहे. तो चिडका झालाय. तू खुर्च्या रचायच्या पाळीत नाव देणार का?"

मी नाव दिलं. मग काका आले, हातात थर्मास, दुसऱ्या हातात कप, अंगावर पाठीचं रान सोडून काही नाही. टेबलाशी बसलेल्या आज्यांना देत देत माझ्यापर्यंत आले, आणि मंडळाच्या पंगतीत उभे राहत तसे उभे राहिले.

"साखर किती?"

इस्पितळातून आल्यापासून लोकांनी मला पुष्कळ विचारलं होतं. पोटाविषयी नसलेला हा पहिला प्रश्न. "दीड," मी म्हटलं.

त्या दुपारी मी बायकोला म्हटलं, "बघायचंय का?" तिने बघितलं, चष्मा लावून बघितलं, आणि म्हणाली, "एवढंच? मला वाटलं केवढं असेल." मग रडली. मग म्हणाली, "आणि एवढ्यासाठी मला बाहेर झोपवलंस होय रे." आमची खोली पुन्हा एक झाली.

ज्या माणसामुळे हे झालं, त्याचं मी काय केलं ते आता सांगतो.

त्याच वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात पुण्याचा एक मुलगा, नवा आलेला, हातात चिवड्याची वाटी, मला मोठ्याने म्हणाला, "काका, मंगळवारी तुम्हाला पाहिलं की. त्या स्विमिंग पूलवरून येत होतात, टॉवेलकाकांबरोबर. तिथे मंगळवारी ते उघडेबोडके लोक असतात ना?" भोवती दहाबारा जण. सगळ्यांच्या वाट्या हातात थांबल्या. मी तेव्हा मंडळाचा अध्यक्ष. माझ्या डोळ्यांपुढे सगळं आलं, मी, चड्डी, पिशवी, आणि उद्या ग्रुपवर काय येईल ते. आणि माझ्या तोंडातून निघालं, "अरे, काय सांगू तुला. मी पोहायच्या वेळा विचारायला गेलो, आणि दार उघडलं…"

ते हसले. मला आधी नुसतं सुटल्यासारखं झालं. मग चटक लागली. दुसऱ्या वेळी थर्मासचा ट्रे झाला. तिसऱ्या वेळी मी काकांना कमरेत वाकवलं. टाय बराच नंतरचा. तो सुचला तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. त्या काळात मंगळवारी मी तलावावर जातच होतो, बायकोला आणि काकांना सोडून कोणाला न सांगता, मागच्या दाराने. सकाळी त्यांच्या हातची कॉफी प्यायची, शनिवारी त्यांना टाय घालायचा.

पुढच्या गणपतीआधी कमिटीची बैठक झाली. खजिनदारांची बायको म्हणाली, "माझं काही नाही हो, पण त्याच हातांनी वाढायचं म्हणजे…" वाक्य तिने सोडून दिलं. अशी वाक्यं पुरी करावी लागत नाहीत. कोणी विचारलं नाही की हात तलावावर काय करत होते. कॉफी देत होते. पण माझ्या किश्श्यात ते हात इतके हसरे झाले होते की आता त्यांच्याकडून मठ्ठा कोणाला नको होता. अध्यक्ष या नात्याने काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"तरुणांना संधी द्यावी म्हणतोय," मी म्हटलं.

"तरुण वाढत नाहीत," काका म्हणाले. "ते बुफे ठेवतात."

बुफेच झाला. काका आले, धोतर, उपरणं, सगळं नीट. हातात थर्माकोलची ताटली घेऊन रांगेत उभे राहिले. कोणीही कोणाला काही वाढत नव्हतं, आणि त्यांना त्यांचे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलणार. ते हळूच म्हणाले, "कड नीट बसते ना आता?"

त्यांना किस्सा माहीत होता का, असं मला विचारतात. एका कोजागिरीला मी तो रंगात येऊन सांगत होतो आणि शेवटाला आलो तेव्हा दिसलं, ते दाराशी उभे. केव्हापासून कोण जाणे. लोक हसले, तेही थोडे हसले. फक्त दोन शब्द बोलले असते, "हा तिथेच होता," तर हॉल माझ्यावर हसला असता. निघताना कोट चढवत त्यांनी मला बाजूला घेतलं. "ट्रे नव्हता, थर्मास होता." मी मान खाली घातली. "आणि टाय उघड्या अंगावर बरा दिसत नाही. बघ, बदलता आलं तर."

मी बदललं नाही. टायला फार हशा मिळत होता.

मग त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आलं, गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी. काकांना त्यात रस नव्हता, वहिनींना होता. मंडळाने हॉल घेतला. वहिनींची एकच अट, बुफे नको, पंगत हवी. तोपर्यंत अध्यक्ष दुसरा होता, तिशीतला, गोड बोलणारा. त्याने मला फोन केला. "काका, भाषण तुमचं. आणि साखरेचा किस्सा मस्ट आहे हं. अर्धी पब्लिक त्यासाठीच येतेय."

मी बायकोला म्हटलं, "या वेळी खरं सांगतो."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगशील तेव्हा खरं."

हॉल भरला होता. काका पहिल्या रांगेत, सूट, टाय, खाली पंचा. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "एकदा मी तलावावर गेलो होतो," आणि एवढ्यानेच हशा सुरू झाला. मी म्हटलं, "दार वगैरे काही नव्हतं. मी आत होतो." मोठा हशा. "मीसुद्धा उघडाच होतो." शिट्टी आली. कोणीतरी ओरडलं, "आणि टाय?" मला कळलं की मी किस्सा इतका चांगला बांधला आहे की खरं त्याच्या आत शिरू शकत नाही. जे सांगेन ते त्यांना नवं कडवं वाटत होतं. अध्यक्ष तर मोबाइलवर रेकॉर्ड करत होता, पोट धरून.

तेव्हा मी झब्बा वर केला.

मुद्दाम ठरवून नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. नाडीच्या वर, डाव्या बाजूला, पिशवी. हॉलमधल्या दिव्यांखाली ती तलावावरच्यापेक्षा मोठी दिसली असावी. हसण्याचा आवाज पुढच्या रांगांतून मागे मागे विझत गेला. मी म्हटलं, "ही घेऊन मी घरात बसलो होतो. हे मला तलावावर घेऊन गेले. कॉफी मला दिली. साखर मला विचारली. ट्रे, दार, टाय सगळं माझं. यांनी तुम्हाला यातलं काही कधी सांगितलं नाही."

खजिनदारांची बायको आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. अध्यक्षाने मोबाइल खाली केला, मग पुन्हा वर केला, मग खिशात टाकला. माझी बायको माझ्याकडे बघत होती, चष्मा लावून.

पहिल्या रांगेतून काकांचा आवाज आला. "झब्बा खाली घे. आणि गळ्याचं बटण उघडं आहे तुझं. घालायचे तर नीट घालावेत."

मी झब्बा खाली घेतला आणि गळ्याचं बटण लावलं. ते लागायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळा हॉल थांबला.

पुढे टाळ्याबिळ्या झाल्या नाहीत, आणि खरं त्या हॉलबाहेर फारसं गेलंही नाही, टायच हिंडत राहिला. टेबलं मांडली, लोक बसले, ते पंगतीच्या आवाजात बोलायला लागले. वाढायला तरुण मुलं होती, भात आधी की वरण आधी यावर त्यांची इंग्रजीत चर्चा चालली होती. काका उठले. कोट काढून वहिनींकडे दिला, बाह्या दुमडल्या, टाय शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचला, आणि एका मुलाच्या हातातून मठ्ठ्याचं भांडं घेतलं. विचारलं नाही, कोणी अडवलंही नाही. चालणं आता सावकाश झालं होतं. एकेका पेल्याशी थांबत आले. खजिनदारांच्या बायकोने पेल्यावर हात ठेवला. काका उभे राहिले, हाताकडे बघत, जुन्या सवयीने. तिने हात काढला नाही. ते थोडे थांबले, मान हलवली आणि पुढच्या पेल्याकडे वळले. तो तिच्या नवऱ्याचा होता. त्याने पेला दोन्ही हातांनी पुढे केला, आणि भरल्यावर बायकोकडे न बघता एका घोटात रिकामा केला.

मग माझी पाळी आली. त्यांनी विचारलं नाही, थांबले नाहीत, माझा पेला काठोकाठ भरला, कागदावर सांडेपर्यंत.

"अहो, किती ते विचारायचं तरी," मी म्हटलं.

"तुला काय विचारायचं?" काका म्हणाले. "तू बाहेर जाऊन वेगळंच सांगतोस."